शिफारस आणि साक्ष

मराठी समीक्षेने लेखकाची चर्चा केली, कलाकृतीची केली, पुढे वाचकाचीही केली. परंतु एक माणूस दुसऱ्याला ‘हे पाहा’ असे सांगतो, दुसरा ते पाहतो आणि परत येऊन ‘पाहिले, पण मला असे वाटले’ असे म्हणतो, या साध्या व्यवहाराकडे तिने फारसे लक्ष दिलेले नाही. चित्रपटाच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे. वृत्तपत्रातले परीक्षण वाचून चित्रपटाला जाणारी माणसे थोडी. कोणीतरी सांगितले म्हणून जाणारी पुष्कळ. म्हणजे बहुसंख्य लोकांची चित्रपट-समीक्षा तोंडी असते. ती शिफारशीने सुरू होते आणि बहुधा वादाने संपते. मग ही शिफारस कोण कोणाला करतो, आणि पाहून आल्यावर कोणाचे मत ‘मत’ म्हणून ऐकले जाते? ज्या समाजात पाणी कोणी कोणाला वाढायचे हे ठरलेले होते, त्या समाजात अभिरुची कोणी कोणाला वाढायची हे ठरलेले नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्माण झालेला पाचवा वेद आहे असे नाट्यशास्त्रात म्हटले आहे, आणि आपले सौंदर्यशास्त्रज्ञ ते अभिमानाने सांगतात. त्याच ग्रंथात प्रेक्षागृह कसे उभारावे याचेही विवेचन आहे. तेथे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र असे चार वर्णांचे चार खांब आहेत, प्रत्येकाचा रंग वेगळा. पाचव्या वेदाच्या मंडपात पाचवा खांब नाही. पुढे अभिनवगुप्तादी आचार्यांनी ‘सहृदय’ नावाचा आदर्श आस्वादक कल्पिला. काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय. हा अभ्यास कोणाला खुला होता हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

सिनेमाने या परंपरेला धक्का दिला. निदान शहरात तरी तिकिटाच्या खिडकीवर पैसे विचारत, जात विचारत नसत. पिटात शेजारच्याचा खांदा खांद्याला लागे आणि अंधारात तो कोणाचा हे कळत नसे. खेड्यात तंबूतला सिनेमा येई तो जत्रेच्या निमित्ताने. माझ्या वडिलांच्या पिढीत घरातल्या सगळ्यांच्या तिकिटाला पैसे नसत. जो एकटा पाहून येई तो दुसऱ्या दिवशी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडता फोडता सगळा सिनेमा सांगे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो कधी पाहायला मिळणार नव्हता. म्हणून त्याची शिफारस म्हणजेच त्याचे कथन. वडील सांगतात की असा सांगणारा एक गडी गाणे आले की ‘मग एक गाणं होतं’ एवढेच म्हणून पुढे जाई. नायकाच्या आईला शेठजीने दारातून हाकलले तो प्रसंग मात्र दोनदा सांगे, आणि दुसऱ्या खेपेला त्या बाईच्या तोंडी चार वाक्ये जास्त घाली. काय गाळावे, काय दोनदा सांगावे, कोठे पात्राला वाचा नाही आणि ती आपण द्यावी, हे ठरवणे म्हणजे समीक्षा नव्हे तर काय? तिला कोणी समीक्षा म्हटले नाही, कारण ती खडीवर बसून केलेली होती.

शहरात या काळात शिफारशीची दुसरी रीत रुजली होती. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ ची, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ चे. या मंडळींचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. ‘बायसिकल थीव्ज’सारखा चित्रपट (१९४८) आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचला तो याच चळवळीमुळे, आणि चोरीला गेलेल्या सायकलीची किंमत आम्हांला कोणी समजावून द्यावी लागली नाही. परंतु या रीतीत दिग्दर्शकाचे नाव, देश, पारितोषिक यांवर शिफारस चालते; शिफारस करणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि घेणाऱ्याने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा असते.

मी ज्या तालुक्याच्या गावी शिकवतो तेथे माझे बसणे-उठणे दोन मंडळींत आहे. एक महाविद्यालयातली. आम्ही सात प्राध्यापक महिन्याला एकाने एक चित्रपट सुचवायचा, बाकीच्यांनी तो पाहायचा आणि शनिवारी चहाच्या वेळी मते द्यायची असे करतो. दुसरी मंडळी आमच्या वस्तीतली. तेथे विहाराच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी भिंतीवर चित्रपट दाखवतो. आमच्या प्रयोगशाळेतला परिचर यंत्र आणतो आणि सुचवण्याची पाळी प्रत्येकाची असते. काही चित्रपट दोन्हीकडे फिरले. त्यामुळे एकाच चित्रपटावरची दोन प्रकारची मते ऐकण्याची संधी मला मिळाली. या लेखाचा आधार तेवढाच आहे.

पहिल्या मंडळीत एक गोष्ट लवकर ध्यानात आली. सहकारी एकमेकांना जे चित्रपट सुचवीत ते रहस्यपट असत, विनोदी असत, इराणी-जपानी असत. मला बाजूला घेऊन जे सुचवीत ते मात्र ठराविक असत. ‘सर, तुम्ही हा पाहाच.’ अशा रीतीने ‘आर्टिकल १५’ (२०१९) माझ्याकडे आला. शिफारस करणारे गृहस्थ सज्जन आहेत, ‘माझे तर डोळेच उघडले’ असे ते मनापासून म्हणाले. चित्रपट पाहिला. अनुभव सिन्हांचे दिग्दर्शन कसलेले आहे. पावसातल्या गाण्याने होणारी सुरुवात चांगली आहे. परदेशात शिकून आलेला ब्राह्मण पोलीस अधिकारी आपल्या हाताखालच्यांना एकेकाची जात विचारतो तो प्रसंग चतुर आहे. परंतु हा अधिकारी ज्या गोष्टी पहिल्यांदा शोधून काढतो त्या आम्हांला बालवाडीच्या आधीपासून ठाऊक असतात. चित्रपटभर त्याच्या डोळ्यांनी पाहायचे आणि त्याच्याबरोबर चकित व्हायचे अशी प्रेक्षकाची जागा आखलेली आहे. त्या जागेवर बसून मला चकित होता येईना. माझ्या मित्राने मला जो चित्रपट दिला तो मुळात त्याच्यासाठीच काढलेला होता. त्याचे डोळे उघडले याचा आनंदच आहे, पण माझे उघडे डोळे त्या अडीच तासांत काय करणार होते?

मी हे शनिवारी मांडले. त्यावर चर्चा झाली नाही. एक प्रश्न आला : ‘पण असं खरंच होतं का हो अजून तुमच्याकडे?’ येथे मुद्दा नेमका येतो. मी मत दिले होते. त्यांना साक्ष हवी होती. चित्रपटाच्या रचनेविषयी, दृष्टिकोनाविषयी मी बोललो ते कोणाच्या कानावर गेले नाही. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो, आणि साक्षीदाराला ‘झाले’ की ‘नाही झाले’ एवढेच विचारतात. दलित आत्मकथनांच्या वाट्याला हेच आले होते. पुस्तके वाचली गेली, हळहळ व्यक्त झाली आणि लेखकाला विचारले गेले ते त्याच्या भाकरीविषयी, भाषेविषयी नव्हे.

याच्या उलट पाळीला मी ‘परियेरुम पेरुमाळ’ सुचवला. मारी सेल्वराज यांचा २०१८ चा तमिळ चित्रपट, निर्माते पा. रंजित. तिरुनेलवेलीच्या विधि महाविद्यालयात शिकायला आलेला, इंग्रजीत मार खाणारा एक मुलगा. रुळांवर बांधून मारलेली त्याची काळी कुत्री. शेवटी टेबलावर दोन चहाचे पेले आणि मधे एक फूल. सहकाऱ्यांचे मत पडले : ‘चांगला आहे, पण थोडा एकांगी.’ हा ‘एकांगी’ शब्द आम्हांला जुना आहे. मी विचारले, ‘आर्टिकल १५’ला दुसरे अंग कोणते होते? उत्तर आले नाही, चहा आला. वास्तविक ज्याला एकांगी म्हटले त्या चित्रपटात मुलीचा बाप स्वतःच्याच जातीपुढे हतबल झालेला माणूस म्हणून दिसतो, खलनायक म्हणून नव्हे. मारणाऱ्या घरातल्या माणसाला एवढी जागा देणारा चित्रपट एकांगी कसा? पण नायक शेवटी माफही करत नाही आणि हातही जोडत नाही. तुम्ही आहात तसेच राहणार असाल तर काहीच बदलणार नाही, असे तो शांतपणे सांगतो. प्रेक्षकाला सुटका मिळत नाही, आणि सुटका न देणाऱ्याला आपल्याकडे एकांगी म्हणतात.

हाच चित्रपट वस्तीत दाखवला तेव्हा अडचण भाषेची. खालच्या ओळी इंग्रजीत. आमच्याकडची बी.ए.ला असलेली एक मुलगी पुढे बसून त्या मराठीत मोठ्याने सांगू लागली. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आले की ती केवळ भाषांतर करत नाही. नायकाला वर्गात हसतात तेथे तिने ओळ सांगितली आणि वर ‘ह्यांना काय कळतंय’ असे स्वतःचे जोडले. प्रेमाच्या गाण्याला ‘गाणं आहे’ म्हणून ती गप्प बसली. खडी फोडणाऱ्या त्या गड्याची तिला माहितीही नाही. रीत मात्र तीच. चित्रपट संपल्यावर एका मावशींचे म्हणणे असे पडले की मुलगा शिकला, शहाणा झाला, पण त्या कुत्रीचा खटला कोणी चालवला नाही. मी वाचलेल्या परीक्षणांत हा मुद्दा मला आढळला नाही, आणि तो विनोदाने मांडलेला नव्हता.

दोन मंडळींतला फरक सर्वांत ठळक झाला तो ‘सद्गती’च्या वेळी. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१ साली केलेला हा लघुपट, कथा प्रेमचंदांची. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी चांभार ब्राह्मणाकडे जातो, तापाने फणफणलेला असतानाही लाकडाचा ओंडका फोडायला लावला जातो आणि ओंडक्यापाशीच मरतो. प्रेत वाटेत पडलेले. चांभारवाड्यातले कोणी ते उचलायला येत नाहीत. पाऊस पडून जातो आणि पहाटे तो ब्राह्मण हात न लावता पायात दोरीचा फास अडकवून प्रेत ओढत नेतो. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे. महाविद्यालयातल्या मंडळींत शिफारस झाली ती ‘अंगावर काटा येतो’ या शब्दांत, आणि शनिवारी सगळे गंभीर होते. मृत्यू, करुणा, राय यांचा संयम, असे बोलणे झाले.

वस्तीत तो शेवटचा प्रसंग आला आणि ८५ च्या घरातले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, ‘वढू दे की त्याला!’ सभागृह हसले. कोणी तरी मागून म्हणाले, ‘आता कळंल वजन.’ मी दचकलो, कारण असल्या चित्रपटाला हसायचे नसते असे माझ्या शिक्षणाने मला शिकवले आहे. परंतु आजोबांचे पाहणे बरोबर आहे असे माझे मत आहे, आणि ते मी येथे समीक्षक म्हणून नोंदवतो. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढणे नाकारले आणि त्यापायी बहिष्कार सोसले. आमच्या गावाने ते काम सोडले ते १९५६ च्या धर्मांतरानंतर. तेव्हा हे आजोबा सोळा-सतरा वर्षांचे होते. ढोर किती जड असते, दोरी कोठे बांधतात, ओढताना पाठ कशी वाकते, हे त्यांच्या अंगाला ठाऊक आहे. त्यांच्या दृष्टीने ‘सद्गती’ ही दुखीच्या मरणाची गोष्ट नाही. ती चांभारवाड्याच्या नकाराची गोष्ट आहे. प्रेत उचलायला माणसे आली नाहीत म्हणून ब्राह्मणाच्या हातात दोरी आली. हा बहिष्काराला दिलेला उलटा बहिष्कार आहे, आणि तो कथेत आहे, चित्रपटातही आहे. राय त्याच्यावर फार थांबत नाहीत. गोंड येऊन चांभारांना सावध करतो तो भाग थोडक्यात उरकतो, कॅमेरा परत प्रेताकडे जातो. माझा आक्षेप असलाच तर एवढाच आहे. नाही तर ‘सद्गती’त प्रेक्षकाला बसायला एकही सज्जन सवर्ण दिलेला नाही, आणि त्या दृष्टीने तो पुढच्या कित्येक सहानुभूतिदार चित्रपटांपेक्षा प्रामाणिक आहे. ‘अछूत कन्या’तली (१९३६) नायिका आगगाडी वाचवताना मरते, ‘सुजाता’तली (१९५९) रक्त देते तेव्हा तिला घरात जागा मिळते, दुखीकडून राय असली किंमत वसूल करत नाहीत.

इतके लिहिल्यावर आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. वस्तीतल्या शिफारशी निर्दोष असतात असे मुळीच नाही. ‘आपल्या माणसाने काढला आहे, पाहिलाच पाहिजे’ ही आमची शिफारस असते, आणि पाहून आल्यावर मत द्यायची सोय उरत नाही. बाबासाहेबांची तसबीर पडद्यावर आली की टाळ्या पडतात. त्या पडाव्यात, माझ्याही पडतात. १९५४ साली अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते, या माध्यमाचे वजन त्यांना ठाऊक होते. परंतु तसबीर हे कथानक नव्हे. अलीकडे महापुरुषांवर जे चित्रपट निघतात त्यांतल्या पुष्कळांत पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, भाषणे करतात. मागून उजेड पाडतात आणि खालून बासरी वाजते. त्यांना वाईट म्हटले की म्हणणाऱ्याच्या निष्ठेची चौकशी सुरू होते. दलित साहित्याच्या चळवळीने स्वतःच्या लेखकांना खडसावण्याची ताकद एके काळी दाखवली होती. चित्रपटाच्या बाबतीत ती अजून यायची आहे.

तरुण पोरे या बाबतीत बरी. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) त्यांनीच सुचवला, आणि पाहून झाल्यावर ‘दुसरा भाग लांबलाय’ असे त्यांनीच सांगितले. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभा राहतो त्या क्षणाला त्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या, तरीही. याउलट लांबलेल्या भागातच, पोरीच्या ओळखीच्या कागदासाठी बाप दारोदार फिरतो ते प्रकरण शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सर्वांत आवडले. ‘ह्यो पिक्चर न्हाई, हे माझं रेशनकार्ड हाय,’ असे त्या म्हणाल्या. पोरे म्हणाली, रेशनकार्ड पाहायला कोण येणार? वाद मिटला नाही.

आणि ‘फँड्री’. हा २०१४ साली महाराष्ट्रभर लागला तेव्हापासून दोन्ही मंडळींत सर्वांनी सर्वांना सुचवून झालेला चित्रपट. शेवटी जब्या दगड मारतो आणि तो पडद्यातून आपल्या अंगावर येतो, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्येही (१९७४) शेवटी एक पोर दगड मारते, पण तो जमीनदाराच्या खिडकीवर, प्रेक्षक सुरक्षित राहतो. सहकाऱ्यांनी हा फरक अचूक टिपला आणि दगड आपल्याला लागला असेही कबूल केले. लागलेला दगड दाखवण्यातही एक प्रतिष्ठा असते, ते असो. माझ्या मते ‘फँड्री’चे मर्म दगडाच्या आधी आहे. डुकरे धरण्याचा तो लांबच लांब प्रसंग, आणि ते पाहत, हसत बसलेले गाव. चित्रपटातच एक प्रेक्षकवर्ग बसवलेला आहे.

वस्तीत आमच्याबरोबर बसणारा एक बँकेतला कारकून कैकाडी आहे. ‘उपरा’ (१९८०) त्याच्या घरात पोथीसारखे ठेवलेले असते. त्या रविवारी सगळे जण ‘आपला चित्रपट, आपली वेदना’ असे बोलत असताना तो म्हणाला, ‘जय भीम. पण एक सांगा, आमच्या आळीत डुकरं धरायची तेव्हा बघायला कोण कोण बसायचं? फक्त पाटलाचीच पोरं?’ सभागृहात शांतता पसरली. डुक्कर खांद्यावर घेऊन बापलेक शाळेच्या भिंतीजवळून जातात, मागे बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र. हा प्रसंग आम्ही नेहमी राज्यकर्त्यांना विचारलेला प्रश्न म्हणून वाचतो. त्याने तो आम्हांला विचारलेला प्रश्न म्हणून वाचला. एक-दोघांना ते झोंबले, फूट पाडणारे बोलणे आहे असेही कोणी म्हणाले. मी त्याच्या बाजूचा आहे. ‘आपले’ हा शब्द वापरून जी शिफारस केली जाते ती कोणाला सामावते आणि कोणाला मागच्या रांगेत बसवते हे तपासण्याचा त्याला अधिकार आहे. महाविद्यालयात माझ्याकडे साक्ष मागतात ही माझी तक्रार खरी असेल, तर वस्तीत आम्ही त्याच्याकडे साक्ष मागू नये, मत मागावे.

पुढची पाळी त्याचीच होती. तो काही जातीचा चित्रपट सुचवील अशी सर्वांची समजूत. त्याने ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ सुचवला. माजिद माजिदी यांचा १९९७ चा इराणी चित्रपट. बहिणीचे बूट हरवतात, मग भाऊ-बहीण एकच जोड आलटून पालटून घालून शाळेला जातात. धावण्याच्या शर्यतीत तिसरे बक्षीस बुटांचे असते म्हणून पोरगा तिसरा यायला धावतो आणि चुकून पहिला येतो. प्राध्यापकांत हा चित्रपट ‘निरागस’ म्हणून पूर्वीच वाखाणला गेला होता. वस्तीत निरागस हा शब्द कोणी काढला नाही. सुचवणाऱ्याने स्वतःचे मत आधी सांगितले : बापाच्या सायकलीवर नवे जोड असतात, ते आपल्याला दिसतात, पोराला दिसत नाहीत, दिग्दर्शकाने तेवढे तरी दाखवायला नको होते. खिचडीवाल्या मावशी म्हणाल्या, दाखवले नसते तर त्यांना रात्री झोप लागली नसती. पोरांतला एक जण म्हणाला की त्याला पहिला आणला हीच चूक, पहिला आला म्हणून कोणी बूट देत नाही. बी.ए.वाली मुलगी म्हणाली, तो पहिला आला हे ठीक आहे, पण नाल्यातून वाहत जाणाऱ्या बुटामागे धावली ती बहीण, आणि तिची शर्यत कोणी लावलीच नाही. साडेनऊला विहार बंद करायचा होता, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर येऊन बसलो.